जुन्या फोनसाठी स्वतः रॉम बांधायची आहे. क्लास लावू, लॅपटॉप घेऊ, की नाद सोडू?

वारज्याहून एक वाचक लिहितात: वय २४, बी.कॉम. करून एका कंपनीत अकाउंट्स सांभाळते. घरात रेडमी नोट ४ पडून आहे. फोन धड आहे, पण अपडेट कधीच बंद झाले. त्याच्यासाठी सर्वांत नवं अँड्रॉइड, म्हणजे त्याची रॉम, स्वतः बांधायचं आणि तो फोन आईला वापरायला द्यायचा, असं मनात आहे. लॅपटॉप ८ जीबी रॅमचा, विंडोजशेजारी उबुंटू टाकलंय. जागा पुरेना म्हणून सोर्स कोड विंडोजवर वापरायच्या बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवायला घेतला, तर मध्येच एररचा पाऊस. मित्राची डिस्क आणून पुन्हा केलं, तर बिल्ड, म्हणजे बांधणी, काही वेळाने ‘किल्ड’ एवढंच लिहून थांबलं. मित्र म्हणतो, आधी जावा आणि सी प्लस प्लस पक्कं कर. एक क्लास सहा महिन्यांचे ३८,००० मागतोय. भाऊ म्हणतो, ३२ जीबीचा लॅपटॉप घे. बाबा म्हणतात, एवढ्यात आईला नवा फोन येईल. ‘मी कॉमर्सची. हे माझ्यासारखीला जमण्यातलं आहे का, आणि आधी काय करू?’

तुमच्या पत्रात दोन वेगवेगळ्या इच्छा एकमेकींत गुंतल्या आहेत. एक शिकायची, दुसरी आईला चांगला फोन द्यायची. दोन्ही चांगल्या आहेत, पण एकाच फोनवर त्या भांडतात. आधी त्यांना वेगळं करू.

आईच्या बाबतीत बाबांचं म्हणणं मला पटतं. रॉम बदलायची तर बूटलोडर, म्हणजे फोन सुरू होताना सर्वांत आधी चालणारा प्रोग्रॅम, उघडावा लागतो. तो उघडला की गुगलच्या प्ले इंटिग्रिटी तपासणीत फोन नापास होतो. त्यामुळे बँकेची आणि यूपीआयची काही ॲप चालतात, काही चालत नाहीत, आणि आज चालणारं उद्याच्या अपडेटनंतर बंद पडू शकतं. ही तपासणी चुकवायच्या युक्त्या आहेत, पण मंडईत भाजीवाल्यासमोर पैसे द्यायला उभ्या असलेल्या आईचा व्यवहार अशा युक्तीवर टांगून ठेवू नये. शिवाय अँड्रॉइड नवं आलं तरी कॅमेरा, मोडेम, ग्राफिक्स यांचे बंद ड्रायव्हर जुनेच राहतात. त्यातली सुरक्षेची छिद्रं बुजवणं कंपनीच्याच हातात असतं आणि कंपनीने हात काढून घेतलेला आहे. आईला अपडेट अजून चालू असलेला साधा फोन घेऊन द्या. मग नोट ४ तुमच्या हातात खऱ्या अर्थाने मोकळा होतो. जो फोन उद्या सकाळी चालू नसला तरी घरात कुणाचं अडत नाही, त्याच्यावरच हे काम निर्धास्त शिकता येतं.

आता तुमच्या दोन अपयशांकडे. त्यांचा कॉमर्सशी काही संबंध नाही.

पहिल्या डिस्कवर बहुधा एनटीएफएस किंवा एक्सफॅट फाइलसिस्टीम होती. अँड्रॉइडच्या सोर्समध्ये हजारो सिमलिंक (दुसऱ्या फाइलकडे बोट दाखवणाऱ्या फाइली) असतात, फाइल चालवायच्या परवानग्या असतात, आणि फक्त लहान-मोठ्या लिपीत फरक असलेली फाइलनावंही असतात. विंडोजच्या धाटणीच्या डिस्कवर यातलं काही ना काही मोडतंच. डिस्क रिकामी करून एक्स्ट ४ मध्ये फॉरमॅट केली की ही तक्रार संपते. ‘किल्ड’ म्हणजे रॅम संपली आणि लिनक्सने सर्वांत जास्त खाणारी प्रक्रिया स्वतःच बंद केली. बिल्ड थांबल्यावर ‘डीमेसेज’ चालवून शेवटच्या ओळींत ‘आउट ऑफ मेमरी’ शोधा, सापडेल. लिनिएज ओएस या स्वयंसेवकांनी बांधलेल्या, अँड्रॉइडवर आधारलेल्या रॉमच्या विकीवर हिशेब स्पष्ट दिलेला आहे: १७.१ म्हणजे अँड्रॉइड १० पर्यंत १६ जीबी रॅम आणि २०० जीबी जागा, १८.१ पासून पुढे ३२ जीबी रॅम आणि ३०० जीबी जागा. गुगल स्वतःच्या मूळ अँड्रॉइडसाठी ६४ जीबी रॅम आणि ४०० जीबी जागा सांगतं. तुमच्या ८ जीबीत ते बिल्ड पुरं होणं जवळजवळ अशक्यच होतं. तुमच्या जागी सी प्लस प्लसचा पंडित बसला असता तरी तिथेच थांबला असता.

म्हणजे भावाचं खरं, लॅपटॉप घ्यावा? अजून नाही. पहिल्याच दिवशी अख्खी रॉम बांधायची, तीही सर्वांत नव्या अँड्रॉइडची, हे तुम्ही मनाशी ठरवून टाकलंय. तेच तपासून पाहू.

नोट ४ सोबत आलेला कर्नल, म्हणजे हार्डवेअर सांभाळणारा सिस्टीमचा गाभा, ३.१८ आवृत्तीचा होता. अँड्रॉइड १२ पासून नेटवर्कच्या डेटाचा हिशेब पूर्णपणे कर्नलमधल्या ईबीपीएफ या सोयीवर गेला. त्याला हवं असलेलं काम ३.१८ मध्ये नाही आणि मागे नेऊन बसवणं फार कठीण. याच कारणाने लिनिएज १९ (अँड्रॉइड १२) च्या वेळी बरेच जुने फोन यादीतून गळले. स्नॅपड्रॅगन ६२५ साठी क्वालकॉमची ४.९ ची शाखा नंतर आली आणि हौशी लोकांनी ती या फोनवर बसवली, म्हणून याचं आयुष्य लांबलं. पण तशी जोडणी अनुभवी माणसांचं काम आहे. शिकणाऱ्याने आपल्या फोनवर आधीच धड चालत असलेली आवृत्ती उचलावी, मग ती दोन पायऱ्या जुनी असली तरी चालेल. काही बिघडलं तर दोष आपल्या बदलात आहे, सोर्समध्ये नाही, ही खात्री तेव्हाच मिळते.

आणि सुरुवात अख्ख्या रॉमने न करता फक्त कर्नलने करा. कर्नलचा सोर्स पूर्ण इतिहासासकट काही जीबी, आणि तो उतरवणाऱ्या ‘गिट क्लोन’ आदेशाला ‘डेप्थ १’ सांगितलं तर त्याहून बराच कमी. तुमच्या आताच्या लॅपटॉपवर तो वीस मिनिटं ते पाऊण तासात बांधून होतो. चुकलं तर त्याच संध्याकाळी पुन्हा करता येतं. रोज फिरणारी ही छोटी फेरी सहा तासांच्या बिल्डपेक्षा कितीतरी जास्त शिकवते.

त्याआधी फोनची तयारी. ही घाईत उरकू नका.

रेडमी नोट ४ नावाचे दोन वेगळे फोन आहेत. भारतात जानेवारी २०१७ मध्ये आलेला स्नॅपड्रॅगन ६२५ चा, त्याचं सांकेतिक नाव ‘मिडो’. चीनमध्ये २०१६ मध्ये आलेला मीडियाटेक हेलिओ एक्स २० चा, त्याचं ‘निकेल’. एकाची फाइल दुसऱ्यावर चढवायची नाही. खोक्यावरच्या नावावर जाऊ नका. एडीबी या लॅपटॉपवरून फोनशी बोलणाऱ्या टूलने फोनला ‘गेटप्रॉप’ विचारून डिव्हाइसचं सांकेतिक नाव बघा, आणि पुढे प्रत्येक फाइलच्या नावात तेच आहे ना ते पाहा.

बूटलोडर उघडायचं शाओमीचं अधिकृत टूल विंडोजवर चालतं, म्हणून विंडोज पुसून टाकू नका. फोनमध्ये सिम घालून मोबाइल डेटावर ‘मी अकाउंट’, म्हणजे शाओमीचं खातं, जोडायचं. मग टूल काही तास, कधी काही दिवस थांबायला सांगतं. तेवढं थांबा, पुन्हा पुन्हा जोडत बसलात तर मोजणी नव्याने सुरू होऊ शकते. उघडताना फोनमधलं सगळं पुसलं जातं, तेव्हा जुने फोटो आधी काढून घ्या.

मग टीडब्ल्यूआरपी ही रिकव्हरी, म्हणजे अँड्रॉइडबाहेरची दुरुस्तीची यंत्रणा, तात्पुरती चालू करून ईएफएस आणि पर्सिस्ट या भागांचा बॅकअप घ्या. मोडेमएसटी१ आणि मोडेमएसटी२ हे मोडेमचे भाग त्या ईएफएसमध्येच मोडतात. बॅकअप फोनवर न ठेवता लॅपटॉपवर आणि पेनड्राइव्हवर, दोन ठिकाणी ठेवा. आयएमईआय (फोनचा ओळख क्रमांक) आणि सेन्सरची जुळणी त्यात असते. ते भाग खराब झाले तर सिम ओळखलं जात नाही आणि दुसऱ्या फोनचा बॅकअप उपयोगी पडत नाही. अशा वेळी ‘आयएमईआय लिहून देतो’ म्हणणारे भेटतील. आयएमईआयशी छेडछाड हा कायद्याने गुन्हा आहे, त्या वाटेला जाऊ नका.

यानंतर एक तयार रॉम चढवा आणि मग मुद्दाम शाओमीच्या मूळ मीयूआय रॉमवर परत या. परतीचा रस्ता आधी पाठ झाला की पुढची भीती निम्मी होते. ती परत चढवायच्या मीफ्लॅश टूलमध्ये खाली तीन पर्याय असतात आणि पुष्कळदा ‘क्लीन ऑल अँड लॉक’ हा आपोआप निवडलेला असतो. तो बदलून ‘क्लीन ऑल’ करा, नाहीतर बूटलोडर पुन्हा बंद होईल. सिस्टीम बदललेली असताना बूटलोडर बंद केला तर फोन चालूच न होण्याची वेळ येते. तुमच्यासारखंच २०१८ च्या किंवा त्यानंतरच्या रेडमीवर कुणी करत असेल, तर मूळ रॉम टाकण्याआधी फास्टबूटमध्ये (बूटलोडरशी लॅपटॉपवरून बोलायच्या अवस्थेत) ‘गेटव्हार अँटी’ विचारा. त्या फोनमध्ये जुन्या आवृत्तीकडे परतण्यावर बंदी असते, आणि ती डावलली तर फोन घरच्या घरी उठत नाही.

आता कर्नल. फोनवर जी रॉम चालू आहे, तिच्या बांधणाऱ्यांनी वापरलेला कर्नल सोर्स आणि त्याची तीच शाखा घ्या. कर्नल जीपीएल या मुक्त सॉफ्टवेअरच्या परवान्याखाली असल्याने तो खुला करणं बंधनकारक असतं. ‘मेक’ या बांधणीच्या आदेशाला एआरएम ६४ हे आर्किटेक्चर, क्रॉस कंपायलर (लॅपटॉपवर फोनसाठी बांधणारा) आणि ‘मिडो डेफकॉन्फिग’ (या फोनच्या कर्नलची ठरलेली सेटिंग) सांगायचं, आउटपुटसाठी वेगळा फोल्डर द्यायचा, आणि काहीही न बदलता एकदा बांधायचं. आताच्या उबुंटूचा जीसीसी हा कंपायलर नवा असल्याने बहुधा पहिल्याच मिनिटात ‘मल्टिपल डेफिनिशन ऑफ yylloc’ अशी एरर येईल. जीसीसी १० पासून एकच नाव दोन ठिकाणी जाहीर करणं खपवून घेतलं जात नाही, त्याचा हा परिणाम. स्क्रिप्ट्सच्या डीटीसी फोल्डरमधल्या लेक्सर फाइलमध्ये त्या ओळीच्या सुरुवातीला ‘एक्स्टर्न’ लिहा, पुढे सरकेल. पायथन सापडत नाही अशी कुरकुर आली तर जुन्या स्क्रिप्टांना पायथन २ हवा असतो. या सगळ्या जुन्या गरजांसाठी उबुंटूची २०.०४ किंवा २२.०४ आवृत्ती बरी. २४.०४ मधून एनकर्सेस ५ सारखी जुनी लायब्ररी काढून टाकलेली आहे.

बांधून झालं की दोन फाइली दिसतील: ‘इमेज.जीझेड’ आणि ‘इमेज.जीझेड-डीटीबी’. या फोनला दुसरी लागते. हार्डवेअरचं वर्णन, म्हणजे डिव्हाइस ट्री, तिच्यात शेवटी जोडलेलं असतं. पहिली घातली तर फोन लोगोवरच बसून राहतो. चालू रॉमची बूट इमेज (कर्नल जिच्यात असतो ती फाइल) मॅजिस्कबूट या टूलने सुटी करा, कर्नल बदला, पुन्हा बांधा. आणि ती चढवू नका, ‘फास्टबूट बूट’ या आदेशाने नुसती रॅममधून चालवून पाहा. चालली तर उत्तम. नाही चालली तर पॉवरचं बटण दाबून धरलं की फोन आपल्या जुन्या कर्नलवर परत.

पहिला बदल म्हणून सगळे आवृत्तीच्या नावापुढे आपलं नाव जोडतात, म्हणजे ‘लोकलव्हर्जन’ बदलतात. करा, सेटिंगमध्ये आपलं नाव दिसण्याचा आनंद मोठा असतो. मात्र वायफायचा ड्रायव्हर वेगळ्या मॉड्यूल फाइलीत असेल, तर नेमकं त्याच क्षणी वायफाय बंद पडेल. मॉड्यूलवर कर्नलचं पूर्ण नाव छापलेलं असतं आणि ते जुळलं नाही की कर्नल त्याला आत घेत नाही. ‘डीमेसेज’मध्ये ‘व्हर्जन मॅजिक’ची ओळ दिसेल. कर्नल आणि मॉड्यूल एकाच बिल्डमधून एकत्र यावे लागतात, हे या एका बिघाडातून जेवढं पक्कं कळतं, तेवढं वाचून कळत नाही.

मित्राच्या अटीबद्दल आता बोलता येईल. दुसऱ्याने तयार केलेली रॉम बांधायला जावा किंवा सी प्लस प्लस लिहावं लागत नाही. गिट लागतं, टर्मिनल लागतं, आणि लॉग वाचण्याचा संयम लागतो. सी थोडं वाचता आलं तर कर्नलमध्ये मदत होते, ते वाटेत शिकता येईल. लॉग वाचण्याच्या बाबतीत तर तुम्ही पुढेच आहात. ताळेबंद जुळला नाही की तुम्ही शेवटच्या बेरजेशी भांडत बसत नाही, पहिली चुकीची नोंद शोधता. बिल्डच्या लॉगमध्येही खालच्या दोनशे ओळी परिणाम असतात. वरून पहिला ‘फेल्ड’ किंवा ‘एरर’ शोधा आणि तेवढाच सोडवा.

कर्नल दोन-चार वेळा मनासारखा बांधला गेला की अख्ख्या रॉमकडे वळा. त्यासाठी नवा लॅपटॉप घेण्याआधी दोन गोष्टी बघा. ‘डीएमआयडीकोड’ने मेमरीची माहिती काढा. एक स्लॉट रिकामा असेल तर पुण्यातल्या तपकीर गल्लीच्या बाजारात त्याच प्रकारची ८ जीबीची पट्टी घेऊन १६ करता येईल. त्यावर झेडरॅम (रॅममधला डेटा दाबून ठेवणं), १६ जीबीचा स्वॅप (रॅमऐवजी वापरायची डिस्कवरची जागा) आणि ‘जे ४’ म्हणजे एका वेळी चारच कामं, एवढ्यात लिनिएज १७.१ बांधलं जातं, सावकाश. दुसरी वाट म्हणजे १६ कोर आणि ६४ जीबीचा सर्व्हर तासाच्या भाड्याने घ्यायचा, काम झालं की तयार झिप उतरवून सर्व्हर पुसून टाकायचा. महिन्यातून एकदोनदा बांधणाऱ्याला हीच वाट स्वस्त पडते. सर्व्हर बंद करायचा राहिला तर भाडं चालूच राहतं, एवढं ध्यानात ठेवा.

घरीच करणार असाल तर सोर्स मोबाइलच्या हॉटस्पॉटवर उतरवायचा विचारही नको. तो १०० जीबीच्या आसपास जातो. ४० एमबीपीएसच्या ब्रॉडबँडवर साधारण सहा तास धरा. सोर्स उतरवायच्या ‘रेपो इनिट’ आदेशाला ‘डेप्थ १’ दिलं तर बरंच वाचतं. ‘रेपो सिंक’ मध्येच तुटलं तर पुन्हा तोच आदेश द्या, झालेलं वाया जात नाही. गुरुवारी देखभालीसाठी वीज जाणार असेल तर बिल्ड आदल्या रात्री लावा.

पुढचा क्रम विकीवर नीट दिलेला आहे. ‘ब्रेकफास्ट मिडो’ पहिल्यांदा व्हेंडर फाइली (कंपनीचे बंद ड्रायव्हर) नाहीत म्हणून अडेल, ते अपेक्षितच आहे. फोनवर त्याच शाखेची तयार लिनिएज चालू असताना ‘एक्स्ट्रॅक्ट फाइल्स’ची स्क्रिप्ट चालवून त्या फोनमधूनच काढायच्या, पुन्हा ‘ब्रेकफास्ट’, मग ‘ब्रंच मिडो’. सीकॅशेला, म्हणजे आधीच्या बांधणीचा साठा ठेवणाऱ्या टूलला, ५० जीबी दिलेत तर दुसऱ्यांदा बांधताना वेळ खूप वाचतो. तयार लिनिएजवर तुमची रॉम थेट चढवली तर ॲप कोसळत राहतील किंवा फोन सुरूच होणार नाही, कारण सह्यांच्या किल्ल्या वेगळ्या असतात. डेटा पुसूनच चढवा. ‘एरर ७’ आली तर झिप दुसऱ्या फोनची आहे किंवा फर्मवेअर जुनं आहे. तपासणीची ओळच काढून टाका असा सल्ला मिळेल, तो ऐकू नका. पहिल्यांदा चालू व्हायला दहा-पंधरा मिनिटं लागू शकतात. त्यापुढेही गोल फिरत राहिला तर ‘एडीबी लॉगकॅट’ लावा. तेव्हा पडद्यावर एडीबीला परवानगी देता येत नाही, म्हणून प्रयोगाच्या बिल्डमध्ये ‘आरओ.एडीबी.सिक्युअर’ शून्य करून ठेवतात. लॉगमध्ये ‘लायब्ररी नॉट फाउंड’ दिसलं तर व्हेंडरची एखादी फाइल राहिली आहे. ‘एव्हीसी डिनाइड’ दिसलं तर एसईलिनक्स या परवानग्या राखणाऱ्या यंत्रणेचा नियम कमी आहे. कर्नलच कोसळत असेल तर बंद न करता थेट रिकव्हरीत जा आणि पीस्टोर फोल्डरमधला ‘कन्सोल रॅमऊप्स’ उचला.

तुमचा पहिला खरा बदल म्हणून एक सुचवते. फोन पहिल्यांदा चालू झाला की थेट मराठीतच उघडेल, असं डिव्हाइसच्या मेकफाइलमध्ये लोकेल बदलून करा. मग मराठी पडद्यांवरची चुकीची किंवा अपुरी भाषांतरं दिसू लागतील. त्यातली लिनिएजची स्वतःची भाषांतरं क्राउडिन या साइटवर होतात, तिथे ती सुधारता येतात. भाषांतर सुधारायला एक ओळही कोड लागत नाही.

क्लासबद्दल: पैसे भरण्याआधी अभ्यासक्रम मागून घ्या आणि थेट विचारा, यात गिट, कर्नलचं कंपायलेशन आणि लॉगवरून बिघाड शोधणं शिकवणार का, आणि खऱ्या फोनवर का? जावा-कोटलिनवर भर असेल तर तो ॲप बनवण्याचा क्लास आहे. तेही चांगलं काम आहे, नोकऱ्याही त्यात जास्त आहेत, पण तुम्ही विचारलेलं ते नाही. ३८,००० पैकी थोडे रॅमच्या पट्टीला, थोडे एक्स्ट ४ केलेल्या बाहेरच्या एसएसडीला आणि थोडे फोनच्या नव्या बॅटरीला घालवा. इतक्या जुन्या फोनची बॅटरी फुगलेली नाही ना, हे आजच पाठीमागून पाहून घ्या. फुगली असेल तर चार्जिंगलाही लावू नका.

अडलात तर सोबतीला माणसं आहेत. पुण्यात लिनक्स वापरणाऱ्यांचा ‘प्लग’ हा जुना गट आहे, सीओईपीच्या विद्यार्थ्यांचाही मुक्त सॉफ्टवेअरचा गट आहे. विचारताना फोनचं सांकेतिक नाव, शाखा, काय बदललं आणि पूर्ण लॉगची फाइल द्या. स्क्रीनचा फोटो नको, कारण खरी ओळ बहुतेक वेळा फोटोच्या वर राहून गेलेली असते. लॉग देण्याआधी त्यात आयएमईआय, फोन नंबर किंवा घरच्या वायफायचं नाव आलंय का ते शोधून खोडा.